साडूंची सत्त्याहत्तर नंबरची दीर्घिका

पृथ्वीवर जन्म घेऊन, पृथ्वीवरच नोकरी आणि संसार करून पृथ्वीबद्दल इतका बेफिकीर राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहतात रोह्याला, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. पण रोह्यातला कुठला रस्ता खणून ठेवलाय, वांगी काय भावाने चाललीत, शेजारी बारसं आहे की बारावं, हे त्यांना विचारायला जाऊ नये. एकदा ते बारशाला जाऊन, पेढा तोंडात टाकत, ‘फार चांगला माणूस होता’ असं सांगून आलेले आहेत. मात्र आकाशातल्या एखाद्या दीर्घिकेच्या पोटात काय चाललंय, हे ते तुम्ही न विचारता, आणि विचारू नका असा चेहरा केलात तरीही, सविस्तर सांगतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक अवाढव्य मेळा. आपला सूर्य अशाच एका दीर्घिकेत कुठेतरी कडेला पडून आहे. पण साडूंचा जीव सगळ्याच दीर्घिकांवर नाही. गोल, लंबगोल, चेपलेल्या असल्या त्यांना चालत नाहीत. त्यांना हव्यात सर्पिल, म्हणजे भुजा पसरून गरगरणाऱ्या. आणि त्यातही केंद्र सक्रिय असलेल्या. म्हणजे मधोमध एक महाकाय कृष्णविवर बसलेलं असावं, आजूबाजूचा वायू त्यात पडत असावा, आणि पडता पडता असा पेटत असावा की बाकीच्या ताऱ्यांनी तोंडात बोट घालावं. ‘साधी दीर्घिका काय, कोणीही बघेल,’ असं ते म्हणतात. जसं काही रोह्यात घरोघर संध्याकाळी लोक साध्या दीर्घिका बघत बसलेले असतात.

हे वेड जन्मापासूनचं नाही. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभं आयुष्य शिफ्टमध्ये काढलं. रिटायर झाल्यावर आधी पेटी शिकले; ‘सा’ पासून ‘प’ पर्यंत पोचले आणि थांबले. मग आंब्याची कलमं बांधली. मग होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या, त्या नातवंडांच्या वयाच्या शेजारच्या पोरांनी गोड म्हणून संपवल्या. त्यामुळे आमच्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, नवऱ्याच्या छंदांकडे पावसाळी सर्दीकडे बघावं तसं बघायची सवय करून घेतली होती. येते, जाते. पण एकदा स्कूटरवरून पडून साडूंचा गुडघा मोडला. पाय प्लास्टरमध्ये घालून ते पलंगावर पडले आणि त्यांची एकुलती एक मुलगी मेघना हिने बापाची करमणूक म्हणून स्वतःचा जुना टॅब त्यांच्या हातात दिला. तिला वाटलं, बाबा जुनी गाणी ऐकतील. बाबांनी गाण्याऐवजी कुठला तरी हिंदी व्हिडिओ लावला आणि त्यात त्यांना ती पेटलेल्या पोटाची दीर्घिका भेटली. प्लास्टर निघालं, गुडघा वाकायला लागला, पण डोकं वर गेलं ते खाली आलं नाही. ‘ही सर्दी नाय हो,’ ताई मला काही महिन्यांनी म्हणाल्या, ‘हा दमा दिसतोय.’

त्यांच्या घरी जेवायला जाणं म्हणजे वर्गात बसणं. ताईंचा घावनाचा हात फार चांगला. तव्यावर पीठ पसरलं की जाळी पडते ती बघत राहावी अशी. पण साडू ओट्यापाशी येऊन उभे राहतात. ‘मधून सुरू कर. आता डाव फिरव. बाहेर, बाहेर, अजून... हां, ही झाली एक भुजा.’ एकदा ताईंनी वैतागून डाव त्यांच्याच हातात दिला. साडूंनी दोन भुजांचं, मधे जाड आणि कडेला विरळ असं एक घावन घातलं. मधला भाग कच्चा राहिला आणि भुजा जळून कोळसा झाल्या. ते ताटात वाढून घेऊन साडू मला आनंदाने म्हणाले, ‘उलटं झालं राव. जळायला केंद्र पायजे होतं.’ आणि ते कच्चं केंद्र त्यांनी चटणीशी खाऊन टाकलं.

हलवायाशी त्यांचं भांडण तर बाजारभर गाजलं. जिलबी बाहेरून आत घालायची की आतून बाहेर, यावर ते कढईसमोर उभे राहून बोलत होते आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. हलवाई झारा तेलात धरून शांतपणे म्हणाला, ‘दादा, तुम्ही सांगाल तशी घालतो, पण पाव किलो का अर्धा?’ साडू म्हणाले, ‘मला जिलबी नकोच आहे, मला साखर आहे.’ मधुमेहाचा माणूस केवळ दिशेच्या प्रेमापोटी कढईसमोर एवढा वेळ उभा राहिला, हे पाहून हलवायाने त्यांना चक्क नमस्कार केला.

कृष्णविवराबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. ‘भोक’ हा शब्द तर घरात उच्चारायची चोरी आहे. ताईंच्या साडीला भोक पडलं तर त्यांनी ‘साडी फाटली’ म्हणायचं. ‘लोक उगाच बदनामी करतात हो,’ साडू कळवळून सांगतात, ‘म्हणे सगळं गिळतं! ते बिचारं आपल्या जागेवर बसलेलं असतं. जो जवळ जाईल तो पडेल. उद्या तुम्ही विहिरीत वाकलात आणि पडलात, तर विहिरीने गिळलं म्हणणार काय?’ एखाद्या गैरसमजामुळे गावाने वाळीत टाकलेल्या चुलत्याबद्दल बोलावं तसं ते बोलतात.

त्यांची सगळ्यात लाडकी दीर्घिका आकाशातल्या तिमिंगल नावाच्या तारकासमूहात आहे. तिला घरगुती नाव नाही. जुन्या यादीतला नंबर आहे, सत्त्याहत्तर. साडू तिला ‘सत्त्याहत्तर नंबर’ म्हणतात, आणि चार लोकांतही मोठ्याने म्हणतात. एका हिवाळ्यात ते चहाच्या टपरीवर खात्रीने बोलून गेले, ‘आज सत्त्याहत्तर नक्की लागणार, मोकळं आहे सगळं.’ ते बोलत होते आकाशाबद्दल. टपरीवरच्या आकडा लावणाऱ्या मंडळींनी मात्र त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी काही चेहरे साडूंच्या दाराशी रागाने उभे होते. ‘दादा, सत्त्याहत्तर कुठं लागला?’ त्यांनी जाब विचारला. ‘लागला की!’ साडू उजळून म्हणाले, ‘आमच्या गच्चीवर, आठच्या सुमाराला!’ ताईंनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

पेणला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. साडू अधूनमधून रोह्याहून पॅसेंजरने माझ्याकडे येतात, निदान यायला निघतात. एकदा मी स्टेशनवर वाट बघत राहिलो, गाडी आली, रिकामी झाली, निघूनही गेली; साडू नाहीत. फोन केला तर म्हणाले, ‘मी कासूला आहे.’ गाडीत शेजारी सुकी मासळी विकणारी एक मावशी बसली होती. तिला ते दीर्घिका समजावत होते. पेणच्या अलीकडे कासू आलं, ती टोपली घेऊन उतरली, तर बोलण्याच्या नादात हेही उतरले आणि बोलत बोलत तिच्याबरोबर खाडीच्या बाजूला चालायला लागले. शेवटी ती थांबली म्हणे. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुमचा भवरा तिकडं वर फिरूं दे. तुम्ही आता मागं फिरा. माझं घर आलं, तुमचं कवा येल?’ संध्याकाळी साडू माझ्याकडे पोचले ते हातात सुक्या बोंबलांची पुडी घेऊन. मी म्हटलं, ‘दादा, एवढा उशीर?’ तर म्हणाले, ‘सत्त्याहत्तरचा उजेड निघाला तेव्हा माणूससुद्धा नव्हता पृथ्वीवर. तो अजून वाटेत आहे म्हणून कोणी तक्रार केली काय?’

गच्चीवर त्यांची दुर्बीण आहे. मुंबईहून कुणाची तरी वापरलेली आणली. ताई तिला नळकांडं म्हणतात. पाहुणा आला की त्याने हात धुवायच्या आधी साडू त्याला वर नेतात. दुर्बीण लावायचं काम मेघनाचं. ती आधी शेजारचा ठळक तारा पकडते, मग केसभर सरकवते, मग म्हणते, ‘आलं.’ पाहुणा डोळा लावतो आणि टॅबवर बघितलेल्या रंगीत चक्राच्या जागी त्याला पुसट धुरकटसं काहीतरी दिसतं, किंवा तेही दिसत नाही. सगळे मोठ्याने ‘वा!’ म्हणतात. मीसुद्धा म्हटलेलं आहे. ताई तर डोळा न लावताच ‘वा!’ म्हणतात आणि पापड वाळत घालतात.

तर अशा घरात मेघनाचं लग्न ठरलं. मुलगा खांब गावचा. घरची भातशेती, रब्बीला वाल, आणि मुलगा धाटावला नोकरीला. मुलाचे वडील नाहीत. घराचा सगळा कारभार आईच्या हातात. बाई करारी. बोलणं कमी आणि बघणं जास्त. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी साडूंना सहज विचारलं, ‘रिटायर झालाव म्हंता, मग आता काय करता?’

‘सक्रिय केंद्रं बघतो,’ साडू म्हणाले.

‘म्हंजे आरोग्य केंद्र?’

‘नाही नाही. दीर्घिकेचं.’

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. ताईंकडे बघितलं. मग पुन्हा साडूंकडे. ‘ही दीर्घिका कोन?’

तो प्रसंग माझ्या बायकोने सावरला, म्हणजे साडूंना हाताला धरून ‘भावजी, जरा सिलिंडर बघा हो’ म्हणत आत नेलं. मुलगा आणि मेघना एकमेकांना आधीच पसंत होते, त्यामुळे सोयरीक टिकली. पण विहीणबाईंच्या मनात त्या दीर्घिकेविषयी एक बारीक संशय राहून गेला असावा.

त्या मुहूर्तावर रोह्यातले सगळे हॉल भरलेले. मग माझ्या ओळखीने पेणला हॉल मिळाला, आणि इथेच सगळ्याला सुरुवात झाली. साडूंनी मला दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन हळूच सांगितलं, ‘स्टेजच्या मागे काय लावायचं ते माझं मी बघतो. तुम्ही फक्त थर्माकोल, जरी आणि चमकी द्या. आणि आमच्या हिला बोलू नका.’ पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. उन्हाळ्यात काम जरा हलकं असतं. माझ्या ओळखीचा एक मूर्तिकार आहे, डोळ्यांच्या आखणीत त्याचा हात कोणी धरणार नाही. साडूंनी त्याला टॅबवर चित्र दाखवलं आणि सांगितलं, ‘पुरुषभर उंच पायजे. भुजा निळ्या, कडेने गुलाबी. आणि मधला भाग असा करा की जिवंत वाटला पायजे. आपल्याकडे बघतोय असं वाटलं पायजे.’

मूर्तिकाराने ऐकलं आणि मन लावून काम केलं. आठवड्याने आम्ही बघायला गेलो. निळ्या भुजा अप्रतिम झाल्या होत्या. आणि मधोमध, पापण्या-भुवईसकट, पाणीदार, किंचित हसरा असा एक भलामोठा डोळा आमच्याकडे बघत होता.

साडूंना खाली बसावं लागलं. ‘अहो, केंद्राला पापण्या?’

‘तुम्हीच म्हणालात, बघतंय असं वाटलं पायजे,’ मूर्तिकार म्हणाला. ‘साहेब, खरं सांगू, मधे काही करायचं म्हटलं की हाताला डोळाच येतो. एवढी वर्षं तेच केलंय.’

डोळा बुजला. त्या जागी पिवळा, मग पांढरा, मग आत एक लहानसा काळा ठिपका असं स्प्रे गनने उतरलं, आणि मागे जुन्या कूलरची मोटर बसली. बटण दाबलं की दीर्घिका सावकाश फिरायची. साडू तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. रोह्याहून त्यासाठी रोज यायचे आणि त्या दिवसांत कासूला एकदाही उतरले नाहीत.

लग्नाच्या दिवशी ताईंनी स्टेज पाहिलं आणि नुसता कपाळाला हात लावला. एवढ्यात वरपक्ष आला. मुलगा फेटा बांधून बाहेर गाडीत. विहीणबाई आधी आत आल्या, स्टेजसमोर थांबल्या, आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, ‘छान केलाव. सुदर्शन चक्र का वो?’

माणसाने आयुष्यात एकदा तरी खोटं बोलायला शिकावं ते अशा वेळेसाठी. साडूंनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी मागून त्यांचा सदरा ओढला, बायकोने खोकून बघितलं. पण कुणीतरी स्वतःहून विचारल्याचा आनंद त्यांना आवरला नाही.

‘चक्र नव्हे विहीणबाई, ही दीर्घिका! आणि वधूवर उभे राहतील ना, बरोबर त्यांच्या डोक्यामागे महाकाय कृष्णविवर येणार.’

‘कृष्ण म्हंजे देवाचं काय?’

‘विवर,’ साडू म्हणाले, आणि ज्या शब्दासाठी बायकोच्या साड्या वर्षानुवर्षं नुसत्या फाटल्या, तोच शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून बाहेर पडला. ‘म्हणजे भोक हो. यात एकदा गेलेलं परत येत नाही.’

हॉलमध्ये सनई वाजत होती म्हणून, नाहीतर त्या वेळची शांतता वडखळपर्यंत ऐकू गेली असती. विहीणबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. ‘माझ्या पोराच्या डोक्यामागं परत न येनारं भोक,’ त्या आवाज न चढवता म्हणाल्या. ‘हे निघाल्याबिगर मुलगा गाडीतनं उतरनार नाय.’

भटजी घड्याळ बघायला लागले. ताईंचे डोळे भरून आले. बाहेर उन्हात तो पोरगा फेट्यातून निथळत होता. साडूंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग स्टूल ओढलं, तो मोडका गुडघा कसाबसा वर घेतला आणि चढले. ‘पाना द्या,’ मला म्हणाले. लग्नाला आलेल्या मूर्तिकाराने स्टूल धरलं, मी पाना दिला. ते नट फिरवायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

पहिला नट निघाला आणि वधूच्या खोलीचं दार उघडून मेघना बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर चुडा. ‘बाबा! काय करताय? काढताय का?’

साडू वरूनच हसले. ‘काही नाही गो. जरा सैल झालंय. पडेल बिडेल कुणाच्या अंगावर. आमचंच चुकलं, नीट बसवलं नाय.’

विहीणबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. सुनेला आपलं नाव या माणसाने सांगितलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या उठल्या आणि स्टुलापाशी आल्या.

‘व्याही, खाली उतरा आधी. पाय लटलट करतोय तुमचा.’ साडू उतरले. ‘आता सांगा. हे खरं काय हाय ते नीट सांगा. मगाशी घाईत बोललाव.’

साडूंनी घाम पुसला. एरवी त्यांची सुरुवात विश्वाच्या उत्पत्तीपासून होते. त्या दिवशी ते थोडक्यात बोलले. ‘मधलं काळं असतं, पण ते कोणाला दिसत नाही. त्याच्याकडे जे जे ओढलं जातं, ते फिरता फिरता असं तापतं, असं उजळतं, की तेवढा मधला ठिपका सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त चमकतो. इथपर्यंत दिसतो. मला आपलं वाटलं, पोरगी निघालीय, तर तिच्या मागे मला माहीत असलेला सगळ्यात मोठा उजेड लावावा.’

विहीणबाईंनी त्या पांढऱ्या-पिवळ्या केंद्राकडे बघितलं. ‘अवो, मग हे आधी सांगायचं ना!’ त्या म्हणाल्या. ‘भोकापासून कशाला सुरुवात केलीत?’

मी आजवर साडूंच्या व्याख्यानांवर इतकी नेमकी टीका ऐकलेली नाही.

‘ऱ्हाऊ दे,’ त्यांनी निकाल दिला. ‘पन मधी काळा ठिपका नको. आमच्याकडची म्हातारी मानसं हायत. तिथं गनपती बसवा.’

मूर्तिकार चप्पल न घालता कारखान्याकडे धावला आणि तळहाताएवढा गणपती घेऊन आला. साडूंच्या चेहऱ्यावर थोडा वेळ विज्ञानाची आणि व्याह्यांची कुस्ती चाललेली मला दिसली. मग ते म्हणाले, ‘चालेल. केंद्रात काय आहे ते तसंही दिसत नाहीच.’

मुलगा गाडीतून उतरला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. आणि ऐन ‘शुभ मंगल सावधान’ला हॉलच्या वायरमनने शोभा म्हणून एकदम सगळी बटणं खाली केली. झुंबरं लागली, पंखे लागले, आणि दीर्घिका फिरायला लागली. गणपती चकतीलाच चिकटवलेला. आम्ही सगळे अक्षता हातात घेऊन बघत होतो आणि बाप्पा हळूहळू उजवीकडे कलायला लागले.

‘अहो!’ ताई ओरडल्या, ‘बाप्पा आडवे होतायत!’

साडू मोडक्या गुडघ्याने स्टेजवर झेपावले आणि भटजींच्या पायातून हात घालून त्यांनी वायरच उपटली. सगळं थांबलं. भटजी थांबले, सनईवाला थांबला. पहिल्या हसल्या त्या विहीणबाई. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, मग पदर सोडून मोकळ्या आवाजात. मग नवरी हसली, नवरा हसला, अख्खा हॉल हसत सुटला आणि त्या गोंधळात अक्षता कुठल्याही ‘सावधान’ची वाट न बघता उधळल्या गेल्या. बाप्पा सरळ करायला कुणाला सुचलं नाही. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत गणपती जरासा कललेला आहे, बाजूला काय कुजबुज चाललीय ते ऐकायला वाकल्यासारखा. ‘आता फिरत नाही म्हणून वाईट वाटतं का?’ मी पंगतीत साडूंना विचारलं. ‘छे! फिरतेय की,’ ते श्रीखंडाला नको म्हणत म्हणाले, ‘खरीसुद्धा इतकीच सावकाश फिरते. तुम्हाला घाई आहे.’

पाठवणी झाली, गाडी वडखळच्या दिशेने गेली. पुढे पावसाळा आला. ढगांमुळे साडू गप्प असतील असं आम्ही धरून चाललो. पण तुळशीची लग्नं झाली, आकाश धुतल्यासारखं झालं, आणि मी रोह्याला गेलो तर दुर्बीण गच्चीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली. हात धुवायच्या आत वर न्यायचं तर सोडाच, साडूंनी मला वांग्यांचा भाव सांगितला. मी घाबरलो.

‘दादा, सत्त्याहत्तर नाही लावला?’

‘कोण लावणार?’ ते म्हणाले. मग सुपारी कातरावी तसे थोडे थोडे बोलले. साखरेने डोळ्यांच्या पडद्याला केव्हाच धरलं होतं. दिवसा सगळं दिसतं, ठळक तारेही दिसतात. पण अंधारातलं फिकट काही दिसत नाही. ‘मी काही तिला कधी पाहिली नाही राव. दुर्बीण आली तेव्हाच उशीर झालेला. मेघना बघायची आणि मला सांगायची. आज मधला ठिपका चांगला दिसतोय, आज जरा पुसट आहे. ती सांगायची तसं मला दिसायचं.’ आणि लगेच, ‘तुम्ही पावटा घेऊन जा हो, फार चांगला आलाय यंदा.’

मी हे घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोने कुणाला सांगितलं ते मी विचारलं नाही. पण पौषात एक दिवस खांबहून साडूंना फोन आला. ‘व्याही, पोपटी लावतोय. या सगळे. आन् ते तुमचं नळकांडं घेऊन या.’

पोपटी म्हणजे आमच्याकडचा हिवाळ्यातला सोहळा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, ओल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. शेताच्या कडेला आम्ही शेकत बसलो होतो. शेंगांचा वास सुटला, मडकं उतरलं. तेवढ्यात विहीणबाईंनी उरलेल्या जाळावर माती लोटायला लावली, आणि घराकडे तोंड करून हाक दिली, ‘आंगनातला बल्ब घालवा रे! मागचा पन! व्याह्यांना बघायचंय!’

एकेक दिवा गेला. काळोख झाला आणि डोक्यावर केवढं तरी आकाश उघडलं. मेघनाने दुर्बीण लावली. ठळक तारा, मग केसभर बाजूला.

‘आलं, बाबा.’

‘कसं आहे?’

‘कापूस पिंजून ठेवल्यासारखं. आणि मधे ठिपका. आज बारीक आहे, पण फार टोकदार. रोह्यापेक्षा चांगला दिसतोय.’

‘इथं काळोख चांगला आहे,’ साडू म्हणाले. तेवढंच. विहीणबाईंनी डोळा लावून बघितलं, आणि दुर्बिणीपासून बाजूला होताना पदर सारखा केला.

मग घरातून कुणीतरी मेघनाला हाक मारली. ताटं घ्यायची होती. ‘आलेच हं, बाबा,’ म्हणत ती बांधावरून लगबगीने गेली. आम्ही सगळे शेंगा सोलत बसलो. साडू मात्र दुर्बिणीपासून हलले नाहीत. दुर्बीण एका जागी ठेवली की आकाश तिच्यासमोरून सरकत जातं, थोड्या वेळाने जे धरलेलं असतं ते सुटतं. शेजारचा ठळक तारा त्यांना दिसतो. तो बघत, एका हाताने नळीला अगदी हलकं बोट लावत, साडू ती किंचित किंचित सरकवत होते. ताईंनी गरम शेंगा आणून त्यांच्यापुढे ठेवल्या.

‘खाऊन घ्या की. निवतायत.’

‘खातो,’ ते ताऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले. ‘ती येईल आत्ता. तिला परत शोधायला लागू नये.’